अण्णा, आत!

बेल वाजली की आमचे घरमालक दाराशी यायचे, कडीवर हात ठेवायचे आणि घरातूनच ओरडून सांगायचे, "घरात कोणी नाही!"

मी हुबळीच्या एका शाळेत गणित शिकवायला लागले आणि नवनगरला त्यांच्या माडीवर भाड्यानं राहायला आले, तेव्हा माझंही स्वागत असंच झालं. सामानाचा टेम्पो रस्त्यात उभा, ड्रायव्हर हॉर्न मारतोय आणि मी बंद दाराकडे बघत विचार करतेय, की कोणी नाही तर मग बोललं कोण? तेवढ्यात त्यांच्या थोरल्या बहिणीचा आवाज आला, "अरे, शाळेतल्या बाई आल्यात त्या. पोलीस नव्हेत." मग दार उघडलं. समोर साठीकडे झुकलेला, उंच पण खांद्यात वाकलेला माणूस, पांढरा इस्त्रीचा शर्ट, आणि चेहरा असा की जणू तो टेम्पो त्यांनीच कुठून तरी चोरून आणलाय. सगळी गल्ली त्यांना अण्णा म्हणायची आणि बहिणीला अक्का. मीही तेच म्हणू लागले.

अण्णांइतका भित्रा माणूस मी आयुष्यात पाहिला नाही. हे मी थोडं चेष्टेनं लिहितेय हे कबूल, पण त्यांच्या माडीवर राहून त्यांची भीती पुढे मलाही लागली, त्यामुळे चेष्टेचा तेवढा हक्क मला आहे असं मी धरते. पायी चालताना ते ट्रॅफिक पोलिसाला नमस्कार करायचे. विजेच्या कचेरीवरून जायचं असेल तर भरलेल्या बिलाची पावती खिशात ठेवायचे. 'सरकार' हा शब्द तोंडातून काढायचा तर आधी खिडकी लावून घ्यायचे आणि मग मिक्सर चालू करायचे, म्हणजे बाहेर काही ऐकू जाऊ नये. "ह्याच्या राजकारणापायी माझा मिक्सर जळाला," असं अक्का सगळ्यांना सांगायच्या. अण्णांचं राजकारण म्हणजे घरपट्टी वाढली एवढंच असायचं. "बाई, माणसानं कुणाच्या डोळ्यावर येऊ नये हो," हे ते मला आठवड्यातून एकदा तरी सांगत, आणि सांगताना जिन्याच्या खाली कोणी उभं नाही ना ते बघत.

पण खरी मौज वेगळीच होती. अण्णा 'आत' हा शब्द उच्चारत नसत. पाहुण्याला 'आत या' न म्हणता 'असे या' म्हणत. रात्री मला बजावायचं तर 'घराच्या बाजूनं कडी लावा' म्हणत. एकदा गल्लीतलं मांजर त्यांच्या कपाटात अडकून ओरडायला लागलं, तेव्हा अण्णा जिना चढून धापा टाकत वर आले. "बाई, लवकर चला, मांजर कपाटाच्या पोटात गेलंय." मी खाली जाईपर्यंत मला वाटत होतं की काहीतरी ऑपरेशनची भानगड आहे.

ह्यामागचं कारण अक्कांनी एका दुपारी शेंगा सोलता सोलता सांगितलं. त्यांचे वडील तराजू दुरुस्त करायचे. पेठेतल्या एका व्यापाऱ्यानं वजनं पोखरून हलकी केली होती, आणि पकडला गेल्यावर त्यानं बोट दाखवलं ते दुरुस्ती करणाऱ्याकडे. वडिलांना पोलिसांनी नेलं आणि रात्रभर ठेवून घेतलं. सकाळी खरं काय ते उघड झालं, सोडून दिलं. वडील घरी आले, जेवले, संध्याकाळी कामावरही गेले, पण त्यानंतर त्यांचा आवाज कधी चढला नाही. "आमचा अण्णा तेव्हा लहान होता. त्या रात्री अख्खी गल्ली एकच बोलत होती, त्याला आत टाकलं, त्याला आत टाकलं. तेवढा एक शब्द ह्याच्या कानात बसला बघा," अक्का म्हणाल्या आणि शेंगांचं सूप पुढे सरकवलं.

तरीही अण्णांनी काम तेच निवडलं. गोकुळ रोडला त्यांची पत्र्याची शेड होती. भाजीवालीच्या दांडीच्या तराजूपासून दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यापर्यंत सगळं तिथे दुरुस्तीला यायचं. मी त्या शेडपर्यंत दोनचारदा गेले होते, पण नेहमी दारातच उभी राहून परतले, कारण अण्णांच्या तोंडून 'आत या' निघायचं नाही आणि काट्या-तराजूंच्या त्या गर्दीत 'असे या' म्हणजे नेमकं कुठे ते मला कळायचं नाही. काम करताना मात्र हा माणूस वेगळा दिसायचा. एक पारडं खाली, एक वर, आणि अण्णा श्वास धरून बघतायत. दोन्ही समोरासमोर येऊन थांबली की ते स्वतःशीच हसायचे. एरवी त्यांना हसताना मी फारसं पाहिलेलं नाही.

आता असं आहे की तराजू दुरुस्त करायला सरकारचं लायसन लागतं. ते नसताना काट्याला हात लावणं हा गुन्हा. अण्णांचं लायसन संपत आलं होतं आणि नव्यासाठी त्यांनी मुदतीच्या कितीतरी आधी अर्ज केला होता, कारण उशीर करायचं धाडस त्यांच्यात नव्हतंच. कुठल्या कचेरीत केला ते मी लिहीत नाही. अण्णांना ते आवडणार नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही जरा भीती वाटते.

कचेरीनं नाही म्हटलं नाही आणि हो म्हटलं नाही. तिथला कारकून भला माणूस होता, उठून बोलायचा. "नाळे बर्री, अण्णा," म्हणायचा, म्हणजे उद्या या. उद्या गेलं की पुन्हा उद्या. मग फाईल वर गेली म्हणाला. मग वरून यायची आहे म्हणाला. जुनं लायसन संपलं त्या दिवशी अण्णांनी शेडचं शटर ओढलं, कुलूप घातलं, ते ओढून बघितलं आणि घरी येऊन बसले.

स्पष्ट नकार आला असता तर अण्णा एकदाचे रडून मोकळे झाले असते. पण काहीच न येणं त्यांना सोसेना. त्या गप्प बसण्याचा अर्थ त्यांनी असा लावला, की सरकारला आपल्याबद्दल काहीतरी कळलंय. मग ते स्वतःचं आयुष्य उलटंपालटं करून शोधायला लागले. संध्याकाळी जिन्यावर येऊन बसायचे आणि दबक्या आवाजात विचारायचे, "बाई, शाळेत असताना मी एकदा दुसऱ्याचा कंपास घरी आणला होता. तो परत केला की नाही आठवत नाही. ते असेल काय हो?" मी हसायची. मग रात्री अंथरुणावर पडल्यावर आपण काय काय केलंय ते मलाच आठवायला लागायचं.

एका रविवारी मी त्यांच्याबरोबर बाजारात गेले. अण्णा दोन्ही हात पाठीमागे घेऊन चालत होते, बोटं एकमेकांत घट्ट अडकवून. नेहमीच्या भाजीवालीचा तराजू एका बाजूला ओढत होता, ते मलासुद्धा दिसत होतं. ती कन्नडमध्ये म्हणाली, "अण्णा, एवढं बघा की जरा. तुमचा हात लागला की सरळ होतंय." अण्णांचा उजवा हात सुटून पुढे आलाच होता. तो त्यांनी डाव्या हातानं धरून मागे ओढला. "मला विचारू नको," ते म्हणाले, "मला त्यातलं काही कळत नाही." भाजीवाली खदखदून हसली. तिला वाटलं, अण्णा थट्टा करतायत. अण्णा कोथिंबीर तिथेच सोडून चालू लागले. त्या दिवशी मला त्यांची चेष्टा करावीशी वाटली नाही.

पुढची गोष्ट माझी आहे. शाळेला सुट्टी होती, अक्का देवळात गेल्या होत्या. दुपारी दाराशी मोटरसायकल थांबली आणि खाकी शर्टातल्या माणसानं वर बघून अण्णांचं पूर्ण नाव घेतलं. पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. मी कठडा घट्ट धरला. आणि माझ्या तोंडून काय निघालं? "घरात कोणी नाही!"

तो बिचारा मीटर बघायला आला होता. रीडिंग घेऊन, कागद दाराखाली सरकवून निघून गेला. मी खाली धावले. अण्णा स्वयंपाकघराच्या दारामागे जमिनीवर बसले होते, शर्ट घामानं अंगाला चिकटलेला, मांडीवर एक कापडी पिशवी. मी ती हातातून काढून घेतली तेव्हा तिच्यातलं दिसलं. दोन बनियन, टॉवेल, साबण, बीपीच्या गोळ्या आणि चिवड्याची पुडी. "कुठं निघालात, अण्णा?" मी विचारलं. अण्णा म्हणाले, "निघालो नाही हो. न्यायला आले तर घाई नको म्हणून भरून ठेवलीय." हे ते अगदी साध्या आवाजात म्हणाले, आणि मला भीती वाटली ती त्या आवाजाची. चिवडा अक्कांनी घातला असणार हे उघड होतं, म्हणजे अक्कांनाही सगळं माहीत होतं.

संध्याकाळी मी अक्कांना मीटरवाल्याचं सांगितलं. अक्कांनी भाकरी तव्यावर टाकली, हात पुसले आणि भावासमोर येऊन उभ्या राहिल्या. "आपण अर्ज केलाय, त्याचं उत्तर मागायचं. ते देत नाहीत तर देणाऱ्याला सांगणारा कोणी असेल, त्याच्याकडे जायचं. तू रोज थोडा थोडा मरायला लागलायस ते मी बघत बसणार नाही." अण्णा उठले आणि मिक्सर लावायला निघाले. अक्कांनी प्लग काढून वायर स्वतःच्या हाताला गुंडाळली.

असे अण्णा हायकोर्टात गेले. वकील धारवाडचे होते, तरुण आणि उमदे. कन्नड घरातले, पण आजी मराठी, त्यामुळे अण्णांशी हौसेनं मराठी बोलायचे. ती मराठी आजोळच्या सुट्टीत शिकलेली होती. "अण्णा, भिऊ नका हो. कोर्ट काय खातो का? आपण फक्त एवढा मागतो, की हो की नाही ते सांगा म्हणून." अण्णा खुर्चीच्या कडेवर बसून मान हलवत होते. मग वकिलांनी केसचा पहिला कागद वाचायला दिला. वर अण्णांचं नाव. मध्ये 'विरुद्ध'. खाली 'कर्नाटक राज्य'.

अण्णांचा चेहरा पांढराफटक पडला. "हे विरुद्ध काढता येईल काय?"

"मग केस कसा होणार, अण्णा?"

"'यांस सप्रेम नमस्कार' घाला की तिथं."

वकील हसले. अण्णा हसले नाहीत. खाली वाकून, आवाज आणखी बारीक करून ते म्हणाले, "साहेब, वर मराठी नाव, खाली कर्नाटक राज्य, आणि मध्ये विरुद्ध. वाचणारा काय म्हणेल? सीमेची केस आहे म्हणेल! मी धारवाडात जन्मलो, कन्नड शाळेत शिकलो, आकडे मोजतो ते कन्नडात मोजतो. ते तरी लिहा कुठंतरी." तराजूच्या केसमध्ये हे लिहायची गरज नाही, असं वकिलांनी परोपरीनं समजावलं. अण्णांनी सही केली, पण इतकी बारीक की ती शाईचा ठिपका वाटावी. वकिलांनी दुसऱ्यांदा करायला लावली.

पहिल्या तारखेला अक्का सोबत गेल्या, पण सरकारी वकिलांनी वेळ मागून घेतला. दुसऱ्या तारखेला मी सोबत होते, कारण अक्कांचे गुडघे धरले होते आणि माझी सुट्टी होती. बेळगाव रस्त्याला धारवाडच्या बाहेर ते कोर्ट आहे, मोकळ्या माळावर, आणि त्या भल्या थोरल्या इमारतीसमोर अण्णा बसमधून उतरले तेव्हा खांद्याला ती कापडी पिशवी होती. गेटवरच्या पोलिसानं ती उघडायला लावली. बनियन, टॉवेल, साबण, चिवडा बघून त्यानं आमच्या दोघांकडे असं पाहिलं, की लॉज तिकडे आहे असं सांगणार. माझे कान तापले. अण्णांनी त्याला नमस्कार केला.

कोर्टात आम्ही शेवटच्या रांगेत बसलो. न्यायमूर्तींचा आवाज इतका हळू होता की वर फिरणारा पंखाच जास्त ऐकू येत होता. बोलणं सगळं इंग्रजीत. आमचा नंबर पुकारला गेला, आमचे वकील उभे राहिले, सरकारी वकील उभे राहिले, त्यांनी फाईल उघडून एका पानावर बोट ठेवलं. अण्णांनी माझं मनगट पकडलं. "बोट दाखवलं, बाई. तेव्हासारखंच." मी म्हटलं, "फाईलला दाखवलं हो." पण त्यांच्या हाताचा गारठा माझ्या मनगटाला कळत होता. त्यांना तिथे बसवेना, म्हणून आम्ही बाहेर व्हरांड्यातल्या बाकावर जाऊन बसलो.

थोड्या वेळानं वकील बाहेर आले. काळा गाऊन सावरत, जवळजवळ धावतच. आनंदानं त्यांची आजोळची मराठी कुठल्या कुठे पळाली होती. लांबूनच हात वर करून ते ओरडले,

"अण्णा, आत!"

आमच्या ह्या भागातल्या कन्नडात 'आत' म्हणजे झालं. काम झालं. दुकानदार पुडी बांधून म्हणतो, आई मुलीची वेणी घालून म्हणते, दिवसातून शंभर वेळा कानावर पडणारा शब्द. पण त्या क्षणी तो माझ्याही डोक्यात शिरला नाही. आणि जो माणूस आकडेसुद्धा कन्नडात मोजायचा, त्याला ऐकू आला तो मराठीच.

अण्णा उठून उभे राहिले. ते पळतील किंवा चक्कर येऊन पडतील असं मला वाटलं. त्यांनी मनगटावरचं घड्याळ काढून माझ्या हातात ठेवलं. मग शेडच्या किल्ल्या, मग घराची किल्ली. पिशवी खांद्यावर नीट घेतली. वाकलेले खांदे सरळ झाले आणि हा माणूस केवढा उंच आहे ते मला पहिल्यांदा दिसलं. "अक्काला सांगा, गोळी घेतलीय," ते म्हणाले. "आणि सांगा, अण्णानं लायसन मागितलं, चोरी नाही केली." मग वकिलांकडे वळून, आवाज जराही न कापता, त्यांनी विचारलं, "कुठल्या दारानं जायचं, साहेब?"

वकील गोंधळले. "कुठं जायचं? अण्णा, काम आत! झाला! कोर्टानं त्यांना सांगितला, मुदतीत निर्णय द्या म्हणून!"

मग मात्र अण्णा पिशवी मांडीवर घेऊन बाकावर बसले. वकिलांना उशिरा उलगडा झाला आणि ते हसायला लागले. मला हसू आलं नाही, रडू आलं. हा माणूस दोन्ही तारखांना पिशवी भरून आला होता. आपल्याला आत टाकणार हे धरूनच बसमध्ये चढला होता, आणि तरी चढला होता. मी ज्यांना भित्रे म्हणत आले ते हेच का, असं मला वाटलं आणि अजूनही वाटतं.

पण एवढ्यानं भीती सरली असं समजू नका. "निर्णय द्या म्हणालेत, लायसन द्या म्हणाले नाहीत," हे अण्णांना घरी पोचायच्या आधीच कळलं होतं. "आणि आता माझं नाव त्यांना पाठ झालं असणार." त्यानंतरचे दिवस सगळ्यांत वाईट गेले. मोटरसायकल वाजली की खाली अण्णा आणि वर मी, दोघंही कडी चाचपून बघायचो. अक्कासुद्धा देवळात जाईनाशा झाल्या. नकार आला असता तर शेड कायमची गेली असती, आणि ह्या वयात अण्णा दुसरं काय करणार होते?

एका दुपारी शाळा सुटताना माझा फोन वाजला. अण्णा कधी फोन करत नसत, कोणीतरी ऐकत असतं असा त्यांचा पक्का समज होता. "बाई, शेडवर या," एवढंच म्हणाले आणि ठेवून दिला. मी रिक्षा केली. गोकुळ रोडच्या गर्दीत रिक्षा अडकत होती आणि माझ्या डोळ्यांसमोर एकच, शटरला लागलेलं सरकारी सील. अण्णांना कुणी नेलं असेल का, अक्कांना काय सांगायचं, इथपर्यंत माझी मजल गेली होती.

सील नव्हतं. शटर अर्धवट वर होतं आणि पलीकडे काही आवाज नव्हता. मी नेहमीसारखी बाहेरच थांबले.

शटर वर गेलं. अण्णा उभे होते. पांढऱ्या शर्टाच्या बाहीवर तेलाचा काळा डाग. मागे आकड्याला भाजीवालीचा तराजू टांगलेला, दोन्ही पारडी समोरासमोर, हलत नव्हती. भिंतीवर नव्या तारखेचं लायसन लावलेलं, शेजारच्या खिळ्याला ती कापडी पिशवी होती आणि तिच्यातून जेवणाचा डबा डोकावत होता. अण्णांनी माझ्याकडे पाहिलं, रस्त्याकडे पाहिलं, आणि पुन्हा माझ्याकडे पाहिलं.

"बाई," ते म्हणाले, "आत."

कुठल्या भाषेत, ते मी विचारलं नाही. चप्पल काढली आणि गेले.